माफी नको म्हणणारा म्हातारा

त्या म्हाताऱ्याला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्याची आठवण निघाली की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, मला त्याचं घर घेणाऱ्या शेठाचा राग आहे, कचेरीतल्या कारकुनाचा राग आहे. आहेच की! तुझं वाटोळं होईल, असं मी शेठाला भर बाजारात म्हटलं होतं, आणि आजही म्हणेन. पण या दोघांवर मी दिवसभर चिडून राहत नाही. म्हाताऱ्यावर राहते. एवढा शहाणा माणूस, एवढा सरळ माणूस, आणि आपल्याच हातानं आपलं घर घालवून बसला. वरून छाती पुढे काढून घालवलं.

आम्ही मूळचे अंजनगाव सुर्जीचे. माळी. दिराशी पटेना, म्हणून आम्ही नवरा-बायको अमरावतीला आलो. तो कापसाचा सुकाळ होता. सातासमुद्रापार कुठं तरी गोऱ्यांची आपसात लढाई जुंपली होती आणि विलायतेला आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता, एवढंच आमच्या कानावर आलेलं. बाकी सगळं डोळ्यांना दिसत होतं. गाड्यांच्या रांगा गावाबाहेर पार नाल्यापर्यंत लागायच्या. ज्यांच्या अंगावर कधी धड बंडी नव्हती, त्यांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. वाऱ्याबरोबर रुई उडायची, वरणात पडायची, लेकरांच्या नाकात जायची. इतकी माणसं गावात आली की भाजी कमी पडायला लागली. आम्ही गावाबाहेर मळा खंडानं घेतला आणि राहायला जागा शोधू लागलो. जागा मिळेना. शेवटी या म्हाताऱ्यानं ओसरी आणि लागून असलेली खोली दिली.

तोंडावर आम्ही त्याला आबाजी म्हणायचो. गल्ली मात्र पाठीमागे 'मालक' म्हणायची, आणि म्हणताना हसायची. कारण त्याच्या तोंडात चोवीस तास तेच. माझं घर, माझी भिंत, माझं अंगण.

राहायला गेले त्याच दिवशी मी टोपली टांगायला भिंतीत खिळा ठोकला. म्हातारा आतून धावत आला.

"कोनाले इचारून ठोकला वं?"

मी म्हटलं, "आबाजी, खिळाच तर आहे."

"आज खिया ठोकला, उद्या खुंटी ठोकशीन, परवा म्हनशीन भिंत माही. काढ तो."

मी काढला. बाई नवीन, गाव नवीन, डोळ्यांत पाणी आलं. म्हातारा आत गेला, स्वतःचा खिळा घेऊन आला आणि त्याच भोकात त्याच जागी ठोकून मोकळा झाला. म्हणाला, "टांग आता. हा खिया माहा आहे. जनमभर टांग, कोनी काई म्हननार नाई." आणि वर माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. असा तो माणूस. याच्यावर चिडावं की हसावं, मला कधी ठरवता आलं नाही.

त्याच्या घराची एक भिंत रस्त्याला लागून होती. दुपारी कापसाचे गाडीवान तिच्या सावलीला बसायचे. म्हातारा पाण्याची घागर घेऊन बाहेर यायचा आणि आधी विचारायचा, "सावली कोनाच्या भिंतीची आहे, ठाऊक हाय काय?" कुणी तरी म्हणायचं, "तुमच्या, आबाजी." मग तो सगळ्यांना पोटभर पाणी पाजायचा. एकदा एका खवट गाडीवानानं म्हटलं, सावली सूर्याची. तो तहानलेला गेला. बाकीचे मात्र दोनदोनदा प्यायले.

भाडं त्यानं कधी वाढवलं नाही. सगळ्या गावात भाडी भडकली होती, गोठ्यातसुद्धा माणसं भाड्यानं झोपत होती. माझ्या नवऱ्यानं एकदा आपणहून विषय काढला, तर म्हणाला, "भाडं वाढवलं का भाडेकरी भांडते. भांडता भांडता हक्क सांगते. राहा बाप्पा मुकाट्यानं."

बायको कधीच वारलेली. एक मुलगी, ती बाळापूरला दिलेली. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, आणि मूलबाळ नाही, मग सासरी काय हाल असतात ते सांगायला नको. सासू तिला उष्ट्याखरकट्यावर ठेवायची. निरोप यायचे, म्हातारा ऐकायचा, अंगणात फेऱ्या मारायचा. पण तिला भेटायला गेला नाही कधी. का? तर घराला रात्रभर कुलूप राहिलं तर कुणी तरी म्हणेल, हे घर ओस पडलंय! मी एकदा भांडले. म्हटलं, "आबाजी, लेकीपेक्षा भिंती मोठ्या झाल्या का तुम्हाला?"

तर म्हणाला, "अवं, तिच्याचसाठी तं राखून राहिलो. मी डोये मिटले का तिची सासू तिले एक दिवस ठेवनार नाई. मंग कुठं जाईन ते पोट्टी? तिले सांगून ठेवलं आहे म्या. कोनी काढून देल्लं तं सरळ इकडे ये. दार आपलं आहे, ढकलून आत ये. कोनाले इचारू नोको."



आता माफीची गोष्ट सांगते. सगळं तिथंच बिघडलं.

इंग्रजी अंमलात नवीन यादी होत होती, कोणाचं घर, कोणाकडून घरपट्टी घ्यायची. नियम सोपा होता. गावठाणात जो शेती करतो, त्याच्या घराची जागा त्याची. त्याला पट्टी माफ. दुकानदार, विणकर, शिंपी, बाहेरून आलेले, यांनी जागेबद्दल पट्टी भरायची. मग काय, सगळी गल्ली एका रात्रीत शेतकरी झाली! समोरच्या शिंप्यानं कुठून तरी मोडका नांगर आणून अंगणात टेकवला. त्याला फाळ कुठल्या बाजूला असतो हेसुद्धा माहीत नव्हतं. एका तेल्यानं भाड्याचे बैल दारात बांधले. कारकून आला, त्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, ज्याला त्याला माफी लिहून दिली.

आणि आमचा म्हातारा! खरा कुणबी. काळ्या जमिनीचा तुकडा नावावर, त्यात दर साल कापसाची पऱ्हाटी. हाताला घट्टे. अंगणात स्वतःचा नांगर, पेरणीची स्वतःची तिफण. कारकुनानं काही विचारलंच नाही. म्हणाला, "आबाजी, तुम्ही शेतकरी. तुम्हाला माफ."

म्हातारा खाटेवरून उठला. "माफी नोको मले."

कारकुनाला वाटलं, थट्टा करतो आहे. "अहो, फुकट मिळते आहे."

"म्हनूनच नोको. माफी म्हंजे कोनी तरी देल्ली. ज्यानं देल्ली, तो वापस मांगते. माह्या घराची पट्टी लिवा. आनि सारं लिवा. हे ओसरी लिवा, हा गोठा लिवा, मांगची न्हानी लिवा."

लोक खोल्या लपवत होते, आणि हा कारकुनाचा हात धरून त्याला घरभर फिरवत होता. एक कोनाडा राहिला, तर तेवढ्यासाठीही कारकुनाला परत बोलावलं. मी दारात उभी होते. कारकून हसत हसत लिहीत होता. पट्टी भरणाऱ्यांत, विणकर-दुकानदारांच्या पंगतीत, त्यानं म्हाताऱ्याला बसवलं. त्याला तरी काय पडलं होतं? मागणाऱ्याला कोण नाही म्हणतं?

हे वेड त्याला कुठून लागलं, ते त्यानं मला पुढे एकदा सांगितलं. मी मेथी निवडत होते, तो जवळ बसून काड्या वेगळ्या करत होता. मोगलाईतली, निजामाच्या राज्यातली गोष्ट. त्याच्या बापाला कसल्याशा चाकरीबद्दल घर माफीचं मिळालेलं. वसुलीचा मक्ता दुसऱ्याकडे गेला. नव्या मक्तेदाराचा माणूस दारात आला आणि म्हणाला, जुन्याची माफी आम्हाला मान्य नाही. तू या घराचं कधी काही भरलंस का? बाप म्हणाला, नाही. मग घर तुझं कसं? झालं. संध्याकाळच्या आत सगळे रस्त्यावर. "माही माय जातं मांडीवर घेऊन बसली होती रस्त्यावर," म्हातारा म्हणाला. "लोकं जाऊन राहिले, येऊन राहिले. तिनं जातं खाली ठेवलं नाई. तवा म्या ठरवलं. जो भरते, त्याचं घर. फुकटाचं कोनाचं नसते." मी मेथी तशीच ठेवली आणि आत जाऊन ताक आणून दिलं. तेव्हा चहा कुठला? दुसरं काय देणार होते?

म्हणून पट्टीचा दिवस म्हणजे त्याचा सण. पहाटे आंघोळ, धुतलेलं धोतर, लाल फेटा. डफडंवाला सांगून ठेवलेला असायचा. पुढे डफडं, मागे म्हातारा हातात नारळ घेऊन, त्याच्या मागे गल्लीतली पोरंटोरं. शिंपी आपल्या दुकानातून ओरडायचा, "आबाजी, कोनाची वरात?" म्हातारा त्याच्याकडे पाहायचासुद्धा नाही. चावडीवर गेला की पट्टी कारकुनापुढे ठेवायचा आणि मोठ्यानं विचारायचा, "हे कोनाच्या घराची?" कारकून म्हणायचा, "तुमच्या." म्हाताऱ्याचं समाधान व्हायचं नाही. "जरा जोरानं सांगा. लोकाइले आयकू आलं नाई." कारकून हसून ओरडायचा, "आबाजींच्या घराची!" मग नारळ फुटायचा, सगळ्यांना खोबरं. घरी आला की मला म्हणायचा, "सरकारच्या तोंडानं वदवून आलो." मीही खोबरं खाल्लं. गोड लागायचं.

असं चालू होतं, तोवर शेठ आला. कुठला ते सांगत नाही, त्याच्या गावाची कशाला बदनामी? त्याला बाजाराला लागून रुईचं गोदाम घालायचं होतं, आणि त्याच्या डोळ्यात म्हाताऱ्याचं घर भरलं. रस्त्याची ती लांब भिंत, मागे मोकळं अंगण. पहिल्यांदा मिठाई घेऊन आला. म्हाताऱ्यानं मिठाई गाडीवानांना वाटून टाकली. दुसऱ्यांदा मोठ्या किमतीची बोली घेऊन आला. म्हातारा म्हणाला, "शेठ, तुमी लेक इकता काय?" शेठ म्हणाला, "हा काय प्रश्न झाला?" "मंग मले काहून इचारता?" शेठाचा चेहरा पडला. आम्ही दाराआड हसलो. हसायला नको होतं. तो शेठ पुन्हा आमच्या दारी आलाच नाही, सरळ कचेरीत गेला.

महिना-दोन महिन्यांनी शिपाई आला. जागा सरकारी आहे, शेठानं गोदामासाठी मागितली आहे, तुमचं काही म्हणणं असेल तर कचेरीत येऊन सांगा.

म्हातारा घाबरला असेल असं वाटतं? छे! खूश झाला. म्हणाला, "बरं झालं. एकदा सायबासमोरच होऊन जाऊ दे. लेकीले पुढं कटकट नोको." आणि साक्षीदार गोळा करायला निघाला. डफडंवाला, तेली, शिंपी, गाडीवान, ज्यानं ज्यानं खोबरं खाल्लं तो प्रत्येक माणूस. सगळे आनंदानं आले. माझा नवराही गेला. मी भाजीची टोपली घेऊन कचेरीच्या ओट्यापाशी बसले, तिथून उघड्या दारातून सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं.

साहेब मान खाली घालून बसला होता. बोलत होता तो शिरस्तेदार. एकेक साक्षीदार पुढे येऊन सांगत होता, होय, आबाजी दर साल पट्टी भरतात. होय, आमच्यासमोर भरतात. डफडंवाला तर म्हणाला, "मायबाप, म्या सोता वाजवलं. एकबी साल चुकलं नाई." प्रत्येक साक्षीला म्हाताऱ्याची मान वर जात होती. आणि प्रत्येक साक्षीला शिरस्तेदार मान डोलवत होता, आणि कोपऱ्यात उभा शेठ हसत होता. मी टोपली सोडून दारापाशी सरकले.

सगळ्यांचं झाल्यावर शिरस्तेदार शांतपणे म्हणाला, "म्हणजे पट्टी तुम्ही भरत होता, हे तुम्हाला कबूल आहे."

"कबूल म्हंजे? डंका पिटून कबूल!"

"ही पट्टी जागेच्या वापराची आहे. सरकारच्या जागेवर जो राहतो, तो भरतो. ज्याची जागा स्वतःची, तो कशाला भरेल?"

म्हाताऱ्याला कळलंच नाही. तो म्हणाला, "मी भरतो, म्हनून तं घर माहं."

"तुम्ही भरता, म्हणून जागा सरकारची. भाडं देणारा मालक असतो का?"

मग म्हाताऱ्याच्या तोंडून एकदम निघालं, "मी कुनबी हावो! मले तं माफ होतं! इचारा या कारकुनाले!"

तोच कारकून तिथं बसलेला. ज्यानं दर साल ओरडून सांगितलं होतं, तोच. त्यानं मान वर केली नाही. शिरस्तेदारानं विचारलं, "माफ होतं, तर घेतलं का नाही?"

शिंपी, ज्याच्या अंगणात तो मोडका नांगर अजून टेकलेला होता, तो हळूच मागच्या मागे निघून गेला. एका राज्यात न भरल्यानं घर गेलं होतं, म्हणून दुसऱ्या राज्यात तो भरत राहिला. कोणत्या राज्यात कुठला कायदा, हे गरिबाला रस्त्यावर आल्यावरच कळतं का? मला अजून कुणी सांगितलं नाही.

हुकूम झाला. जागा शेठाला. घराचं लाकूड, दारं आणि छपराचं कवेलू म्हाताऱ्याचं, त्यानं ते उतरवून न्यावं. आमच्याकडे रीतच तशी, जागा सोडताना माणूस आपलं लाकूड घेऊन जातो. सागवानी मयाली, म्हणजे छपराच्या तुळया होत्या, त्या दिवसांत लाकडाला केवढा भाव! माझ्या नवऱ्यानं गाडी आणली. म्हातारा म्हणाला, "वापस ने. घर उचलून नेत नाईत, मुडदा उचलून नेतात." त्यानं एक खुंटीसुद्धा काढली नाही. त्या दिवशी मी त्याच्यावर ओरडले, अगदी वाट्टेल ते बोलले. ते लाकूड विकलं असतं तर लेकीपुरता आसरा उभा राहिला असता ना! तो ऐकून घेत होता आणि फेटा बांधत होता. मग शेठाच्या माणसांनी घर उतरवलं आणि तेच लाकूड गोदामाला लावलं. फुकट. वर वर्षभरात शेठाला जागा कमी पडली, तेव्हा त्यानं शिंप्याचं घर घेतलं. शिंपी शेतकरी होता ना, जागा त्याची होती! त्यानं रगडून किंमत घेतली आणि दुसऱ्या पेठेत माडी बांधली.

म्हातारा आमच्याबरोबर मळ्यावरच्या झोपडीत आला. शेत होतं, तिथं जात नव्हता, बटाईनं देऊन टाकलं. दिवसभर आमच्या वाफ्यांच्या कडेला बसायचा. पाणी मागायचा तरी आधी विचारायचा, "घेऊ काय?" मला संताप यायचा. मी म्हणायची, "घ्या ना आबाजी, विचारता कशाला?" दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचा. बाळापूरला निरोप पाठवा, लेकीला कळवा, म्हणून मी मागे लागले होते. तो हो म्हणायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानाला काही सांगायचा नाही.

आणि ती आली. उन्हाळा लागला होता, वांग्यांचा शेवटचा तोडा चालू होता. बांधावरून एक बाई येताना दिसली, पायाला धूळ, काखेत गाठोडं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण नाक म्हाताऱ्याचं, लगेच कळलं. सासूनं काढून दिली होती. ती बापानं सांगितल्याप्रमाणे सरळ घराकडे गेली होती.

"तिथं फाटकावर बाया बसल्या होत्या रुई वेचाले," ती मला सांगत होती. "म्या म्हटलं, हे माह्या बाबाचं घर हाय. पहारेकरी म्हने, काम पाह्यजे तं रांगेत बस, उगाच बडबड करू नोको. मंग पानी पाजनाऱ्या एका बुढीनं तुमचा मळा सांगतला."

म्हातारा वाफ्याच्या कडेला होता. त्यानं तिला पाहिलं. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. रडली नाही. इतकं चालून आलेल्या माणसाला रडायलाही जोर लागतो.

तिनं विचारलं, "बाबा, घर कोनं घेतलं?"

मला वाटलं, आता हा शेठाचं नाव घेईल. सरकारचं घेईल, कारकुनाचं घेईल. मी तर वाटच पाहत होते, म्हणजे मलाही त्यांना शिव्या देता आल्या असत्या. म्हाताऱ्यानं कुणाचंच नाव घेतलं नाही. त्यानं तिच्या धुळीच्या पायांकडे पाहिलं.

"कोनीच घेतलं नाई, बाई," तो म्हणाला. "मीच नेऊन देल्लं. दर साल, थोडं थोडं."